शेताच्या राखणीस रायफल हवी काय?

पेरणीपासून काढणीपर्यंत शेतकरी पिकावर जो खर्च व जे श्रम करतो, त्या सर्वांचा निकाल हंगामाच्या अखेरच्या पंधरवड्यात लागत असतो. मक्याच्या कणसात दूध भरले की रानडुकरांचा कळप रात्रीतून शेतात उतरतो आणि खातो त्याहून अधिक तुडवितो. हरभरा घाट्यावर आला की रोह्यांची टोळी पहाटेच्या धुक्यात शिवारात शिरते. भुईमुगाची जमीन डुकरांनी उकरली म्हणजे आऱ्यांसकट वेल उपटून पडतात. कीड पडली तर फवारणी करता येते, पाऊस लांबला तर विहिरीचे पाणी देता येते; परंतु उभे पीक एका रात्रीत भुईसपाट झाले, तर त्या हंगामापुरता उपाय राहत नाही. अशा वेळी शेतकऱ्याच्या मनात बंदुकीचा विचार येतो, यात नवल नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेस हर्सूल आहे. एके काळी स्वतंत्र असलेले हे गाव आता महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे. एका बाजूस शहराची वस्ती वाढत आहे, तर दुसऱ्या बाजूस सावंगी, चौका, फुलंब्री या दिशेने शेती व डोंगर पसरले आहेत. शहर आणि रान यांच्या सीमेवरच्या अशा शिवारात राखणीचा प्रश्न दुहेरी होतो. जनावर डोंगराकडून येते आणि त्याच्यावर सोडलेली गोळी वस्तीकडे जाऊ शकते. म्हणून ‘शेतासाठी एखादी लहान, हलकी, हातास बसेल अशी घडवून घेतलेली, एका वेळी एकच गोळी उडविणारी रायफल असावी’ हा विचार वरवर पाहता साधा वाटला, तरी तो सर्व बाजूंनी तपासून पाहणे अगत्याचे आहे.

बंदूक आणि रायफल यांतील भेद

बोलण्याच्या ओघात सर्वच शस्त्रांना बंदूक म्हटले जाते. शेतकऱ्याने मात्र तीन प्रकार वेगळे ओळखावयास हवेत.

पहिला प्रकार ठासणीच्या बंदुकीचा. हिच्यात नळीच्या तोंडातून दारू व छर्रे किंवा गोळी घालून गजाने ठासावे लागते आणि टोपी बसवून बार काढावा लागतो. दुसरा बार भरावयास बराच वेळ जातो. कोकणात शेतसंरक्षणासाठी दिलेल्या परवान्यांवर ही बंदूक आजही अनेक घरांत आढळते.

दुसरा प्रकार काडतुसाच्या बंदुकीचा. हिची नळी आतून गुळगुळीत असते. बारा बोअरची एकनळी किंवा जोडनळी बंदूक या प्रकारात मोडते. तिच्या काडतुसातील छर्रे नळीबाहेर पडताच पसरू लागतात. त्यांचा खरा उपयोग सुमारे ३५ ते ४० मीटरपर्यंत होतो. बारीक छर्रे दोन-तीनशे मीटरच्या आत जोर संपून खाली पडतात. छर्रा जसा जाड, तसा तो अधिक दूर जातो.

तिसरा प्रकार रायफलीचा. हिच्या नळीच्या आत वळणदार खाचा पाडलेल्या असतात. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते, म्हणून ती सरळ जाते आणि फार दूर जाते. ०.२२ बोअरची रायफल ही या वर्गातील लहान आणि हलक्या रायफलींपैकी एक. तिची गोळी करंगळीच्या पेरापेक्षाही लहान असते. तथापि ती दीड किलोमीटरहून अधिक अंतर तोडू शकते. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनत आलेल्या ०.३१५ बोअरच्या रायफलीची गोळी याहूनही बरीच दूर जाते.

एकबारी रायफल ही काही नवी कल्पना नव्हे. १८७१ मध्ये ब्रिटिश लष्कराने स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री रायफल एका वेळी एकच गोळी उडवीत असे. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात शेतातील पक्षी व ससे यांच्यासाठी लहान बोअरच्या, हलक्या, एकबारी रायफली मुद्दाम घडविल्या जात. त्यांची रचना सोपी, भाग थोडे आणि बिघाड कमी. त्यांचा मोठा गुण मात्र निराळाच आहे. दुसरी गोळी लगेच हाताशी नाही हे ज्याला ठाऊक असते, तो पहिली गोळी विचार करून सोडतो. शस्त्र शेतीचे साधन मानावयाचे झाले, तर हा संयम त्या साधनाचा पहिला गुण समजला पाहिजे.

परंतु तेथील शेतकऱ्याचे भक्ष्य पक्षी व ससे होते. आपल्याकडील उपद्रवी जनावर रोही किंवा रानडुक्कर आहे. पूर्ण वाढलेला रोही नर दोनशे किलोच्या घरात भरतो. मोठ्या डुकराचे कातडे जाड आणि अंग चिवट असते. अशा जनावरास ०.२२ बोअरची गोळी लागली, तर ते जागीच पडण्याऐवजी जखमी होऊन पळते, चार दिवस तडफडते किंवा झुडपात दबा धरून बसते. जखमी डुकराच्या मागावर गेलेल्या माणसाच्या जिवास धोका असतो. म्हणजे लहान रायफल जनावरास अपुरी पडते आणि दूरच्या माणसास मात्र प्राणघातक ठरते. मोठी रायफल घ्यावी, तर तिच्या गोळीस पुरेल एवढे निर्मनुष्य रान हवे. हर्सूलसारख्या शिवारात ही अडचण मुळातच आहे.

कायद्याने दिलेली सवलत

शस्त्रांविषयीचा जुना कायदा १८७८ चा. स्वातंत्र्यानंतर शस्त्र अधिनियम, १९५९ हा नवा कायदा झाला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याखालील सध्याचे नियम २०१६ चे आहेत. या कायद्याने शेतकऱ्याची गरज दुर्लक्षिलेली नाही. कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. ठासणीची बंदूक त्या कामास पुरेशी नाही, अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचाही परवाना देता येतो. मात्र तिची नळी २० इंचांहून, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटरहून, आखूड असता कामा नये.

या सवलतीत रायफलीचा समावेश नाही, ही गोष्ट शेतकरी बंधूंनी नीट ध्यानात ठेवावी. रायफलीसाठी अर्ज करता येतो. परंतु तेथे अर्जदारास योग्य कारण दाखवून अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. ‘शेत आहे म्हणून रायफल’ एवढे कारण पुरत नाही. त्यातही ०.३०३ इंच किंवा ७.६२ मिलिमीटर यांसारख्या लष्करी बोअरच्या रायफली निषिद्ध वर्गात मोडतात आणि त्या सामान्य परवान्यावर मिळत नाहीत.

कायद्याने पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक प्रथम का नेमली, हे वरील तुलनेवरून कळून येते. तिचा बार एकच असतो, तो भरावयास वेळ लागतो आणि तिचा पल्ला रायफलीहून पुष्कळ कमी असतो. शेताच्या राखणीस जेवढे शस्त्र लागते तेवढेच शस्त्र, हे या तरतुदीचे धोरण दिसते.

छर्ऱ्याच्या हवाई बंदुकीविषयीही गैरसमज आहे. ०.१७७ इंचांपर्यंतच्या बोअरची व २० ज्यूलपर्यंत जोर असलेली हवाई बंदूक परवान्याशिवाय बाळगता येते, हे खरे. पण शस्त्रास परवाना नको, याचा अर्थ कोणताही पक्षी मारावयास परवानगी नको, असा होत नाही. मोर हा तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कणसावर बसणारे पक्षी हाकलावयास गोफण आणि चकाकती फीत हीच साधने योग्य होत.

नळी कापणे हा गुन्हा आहे

हातास बसेल असे शस्त्र करून घेण्याच्या नादात काही जण बंदुकीची नळी कापवून घेतात. शस्त्र आटोपशीर होते, मोटारसायकलवर नेण्यास सोपे जाते, माळ्यावर बसून वळविता येते, अशी कारणे सांगितली जातात. ही चूक फार महाग पडते. शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे त्यासाठीचा स्वतंत्र परवाना असल्याखेरीज बंदुकीची नळी आखूड करता येत नाही, तसेच एका वर्गातील शस्त्राचे दुसऱ्या वर्गात रूपांतर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यास किमान सात वर्षांची शिक्षा असून ती जन्मठेपेपर्यंत वाढू शकते. बंदुकीचा परवाना जवळ असला, तरी तो या बाबतीत बचाव ठरत नाही. शस्त्रावरील क्रमांक खोडणे हाही गुन्हाच आहे. गावातील लोहाराने किंवा यंत्रशाळेच्या कारागिराने असे काम अंगावर घेऊ नये.

ज्यास आपले परवान्याचे शस्त्र अंगाजोगे करून घ्यावयाचे आहे, त्याने परवानाधारक दुरुस्ती कारागिराकडेच जावे. दस्त्याची लांबी हाताच्या मापाची करणे, खांद्यास धक्का कमी बसावा म्हणून दस्त्याच्या टोकास रबर लावणे, खांद्यावर अडकविण्यास पट्टा बसविणे, नेम धरण्याची खूण स्पष्ट दिसेल अशी करणे, एवढ्या सुधारणांनी शस्त्र हातास बसते. नळी, बोअर व यंत्रणा यांस हात लावण्याचे कारण पडत नाही.

गोळी कोठे जाऊन थांबेल?

इंग्लंडात रायफलीचा परवाना देताना अर्जदाराची जमीन त्या गोळीस योग्य आहे किंवा नाही, हेही पोलीस पाहू शकतात. जमीन सपाट आहे की चढ-उताराची, मागे टेकडी आहे की रस्ता, घरे किती अंतरावर आहेत, याची तपासणी होते. आपल्याकडील शेतकऱ्यानेही ही तपासणी स्वतःच करावी.

हर्सूलच्या शिवारात ती केली तर काय दिसेल? अजिंठ्याकडे व पुढे जळगावकडे जाणारा महामार्ग या भागातून जातो. तलावाचा परिसर आहे. मध्यवर्ती कारागृह आहे. शेतांच्या मध्ये नव्या वसाहती उठत आहेत. शेतातच वस्ती करून राहणारी कुटुंबे आहेत. रात्री पाणी धरण्यासाठी माणसे बांधावर असतात. ज्या गोळीचा पल्ला दीड किलोमीटर किंवा त्याहून अधिक आहे, ती सोडण्यास या शिवारात निर्धोक दिशा क्वचितच सापडेल. दगडावर किंवा पाण्यावर तिरपी आपटलेली गोळी टप्पा घेऊन भलतीकडे जाते, ही गोष्ट तर नेम धरणाऱ्याच्या हातातच राहत नाही.

यावरून काढलेला नियम असा : जनावराच्या मागे मातीचा उंच बांध, नाल्याची दरड किंवा टेकडीचा उतार असल्याखेरीज बार काढू नये. क्षितिजावर उभ्या असलेल्या जनावरावर कधीही नेम धरू नये. हालणाऱ्या पिकावर, आवाजावर किंवा चमकणाऱ्या डोळ्यांवर गोळी सोडू नये. रात्री मक्यात हालचाल करणारा डुक्कर असेल, तसा शेजारचा शेतकरीही असेल. जनावर पूर्ण दिसले, ओळखले, त्याच्या मागे काय आहे ते कळले, तरच चापाकडे बोट जावे. यांपैकी एकही गोष्ट संशयित असेल, तर त्या रात्री पिकाचे नुकसान सोसावे. गेलेले पीक पुढील हंगामात येते. गेलेला माणूस येत नाही.

परवाना बंदुकीचा, परवानगी जनावराची

बंदुकीचा परवाना मिळाला म्हणजे जनावर मारण्याचा अधिकार मिळाला, ही समजूत खेड्यापाड्यांत सर्वत्र आढळते आणि तीच अनेकांना कोर्टाची पायरी दाखविते. शस्त्राचा परवाना एका कायद्याखाली मिळतो. जनावर मारण्याची परवानगी दुसऱ्या कायद्याखाली घ्यावी लागते. तो कायदा म्हणजे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२.

या कायद्यात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. आता रोही आणि रानडुक्कर हे दुसऱ्या अनुसूचीत आहेत, तर काळवीट व बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दुसऱ्या अनुसूचीतील जनावर उभ्या पिकास धोकादायक झाले असेल, तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून ते मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. पहिल्या अनुसूचीतील जनावराबाबत पीकनाश हे कारण चालत नाही. काळविटाने पूर्ण शेत खाल्ले, तरी त्यावर बंदूक उचलता येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रोही व रानडुक्कर यांच्या बाबतीत परवानगीची पद्धत ठरवून दिली असून शेतकऱ्याने त्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा असतो.

परवानगीवाचून जनावर मारल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होऊ शकते. पहिल्या अनुसूचीतील जनावर असेल, तर तीन ते सात वर्षांची कैद व किमान पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी सद्हेतूने जनावर मारावे लागले, तर तो गुन्हा ठरत नाही. परंतु स्वतः कायदा मोडीत असताना ही सबब सांगता येत नाही. जीव वाचविताना मेलेले जनावर सरकारी मालमत्ता होते. असे जनावर हाती आल्यास ४८ तासांच्या आत नजीकच्या पोलीस ठाण्यास किंवा वनाधिकाऱ्यास खबर द्यावी लागते. मांस वाटून घेणे, कातडे किंवा सुळे घरी ठेवणे, हा निराळा गुन्हा होतो.

परवाना कोणाकडे, जबाबदारी कोणाची

हर्सूलचा भाग शहर पोलीस आयुक्तालयाच्या कक्षेत असल्याने तेथील रहिवाशाने परवान्यासाठी पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावयाचा असतो. आयुक्तालयाच्या हद्दीबाहेरील गावांतील शेतकऱ्याचा अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जातो. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. ओळख व निवास यांच्या पुराव्यांबरोबर शरीर व मन यांच्या सुस्थितीचा वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. पीकसंरक्षणासाठी अर्ज करणाऱ्याने सात-बाराचा उतारा, पिकाचा तपशील आणि पूर्वीच्या नुकसानीचे पंचनामे जवळ ठेवावेत, म्हणजे गरज खरी असल्याचे दाखविता येते. २०१९ पासून परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे. मुदत संपण्यापूर्वीच नूतनीकरणाचा अर्ज करावा.

परवाना मिळाल्यावर खरी जबाबदारी सुरू होते. पुढील गोष्टी प्रत्येक परवानाधारकाने पाळाव्यात :

१. बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी. काडतुसे किंवा दारू व टोप्या निराळ्या जागी, निराळ्या कुलपात ठेवाव्यात. किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

२. शेतावर जागल करणाऱ्या सालगड्याच्या हाती बंदूक देऊन घरी निजावयास जाऊ नये. परवान्यावर ज्याचे नाव नाही त्याने धन्याच्या गैरहजेरीत शस्त्र वापरणे हा गुन्हा असून त्यात दोघेही अडकतात.

३. बंदूक भरलेली असता बांध, कुंपण किंवा नाला ओलांडू नये, माळ्यावर चढू नये. प्रथम ती रिकामी करावी.

४. बंदूक सदैव भरलेली आहे असे समजूनच हाताळावी. नळीचे तोंड माणसाकडे किंवा बैलाकडे कधीही वळवू नये.

५. लग्नात, वरातीत किंवा निवडणुकीच्या मिरवणुकीत बार काढू नयेत. माणसांच्या जिवास धोका होईल अशा रीतीने आनंदाप्रीत्यर्थ गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

६. निवडणूक काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश आल्यास ते मुदतीत जमा करून पावती घ्यावी. हंगाम व निवडणूक एकाच वेळी आल्यास राखणीची दुसरी सोय आधीच करून ठेवावी.

७. शस्त्र हरविल्यास किंवा चोरीस गेल्यास त्याच दिवशी पोलीस ठाण्यात खबर द्यावी.

यांखेरीज एक बाब विशेष सांगण्यासारखी आहे. वडिलांच्या नावे असलेली बंदूक त्यांच्या पश्चात तशीच माळवदाखाली पडून राहते. मुलगा ती वापरीत नाही, म्हणून आपण निर्दोष आहोत असे त्यास वाटते. वास्तविक परवानाधारकाच्या मृत्यूबरोबर तो परवाना संपतो. वारसाने ते शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केले पाहिजे आणि हवे असल्यास स्वतःच्या नावे परवाना मागितला पाहिजे. घरात अशी बंदूक असेल, तर हे काम आजच करावे.

बंदुकीआधीची राखण

बंदुकीने एक जनावर पडते. कळप मात्र दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतात उतरतो. म्हणून राखणीचा पाया बंदुकीवर घालता येत नाही. काटेरी झुडपांचे दाट कुंपण, शेताभोवती चर, तारेचे कुंपण, सौर ऊर्जेवर चालणारे झटका कुंपण, हे उपाय अधिक टिकाऊ आहेत. डुकरासाठी कुंपणाची खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीच्या आत असावी, कारण ते खालून मुसंडी मारते. रोही उंच उडी घेते, त्यासाठी वरची तार उंच लागते. सौर कुंपणात झटका क्षणिक असतो आणि त्याने जनावर बुजते, मरत नाही. याउलट खांबावरून थेट वीज घेऊन कुंपणात सोडणे हे बेकायदेशीर आहेच, शिवाय त्याने प्रथम मरतो तो बहुधा घरचा बैल किंवा घरचाच माणूस.

जागल ही जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. एकेका शेतकऱ्याने स्वतःपुरती जागल केली, तर आठ दिवसांत तो थकतो. शिवारातील दहा-बारा शेतकऱ्यांनी पाळी लावून माळे बांधले, विजेऱ्या व डबे घेऊन हाकारा केला, तर प्रत्येकास आठवड्यातून एकच रात्र जागावे लागते आणि पूर्ण शिवार राखले जाते. कणसे भरण्याच्या सुमारास पंधरा दिवस ही पाळी नेटाने चालविली, तर पुष्कळ पीक वाचते.

इतके करूनही नुकसान झाले, तर भरपाईचा मार्ग मोकळा आहे. शक्य तर त्याच दिवशी वनरक्षकास कळवावे, नुकसानीची छायाचित्रे घ्यावीत, पावलांच्या खुणा पुसू देऊ नयेत आणि पंचनामा होईपर्यंत शेत नांगरू नये. पंचनाम्याचा कागद भरपाईस जसा लागतो, तसाच पुढे जनावर मारण्याची परवानगी मागताना आणि बंदुकीचा परवाना मागतानाही उपयोगी पडतो.

गावाने मिळून करावयाचे काम

उपद्रव फारच वाढल्यास काय करावे, याची उदाहरणे देशात आहेत. बिहारमध्ये २०१६ च्या जून महिन्यात मोकामा भागात हैदराबादहून निवडक नेमबाज बोलावून २०० हून अधिक रोही मारण्यात आले. त्यापूर्वी केंद्र शासनाने त्या राज्यातील काही जिल्ह्यांपुरते रोही व रानडुक्कर उपद्रवी म्हणून घोषित केले होते. त्या मोहिमेवर देशभर टीकाही झाली. केरळ राज्याने २०२२ मध्ये ग्रामपंचायतींच्या अध्यक्षांना मानद वन्यजीव रक्षकाचे अधिकार दिले आणि पिकाची नासाडी करणारे रानडुक्कर परवानाधारक बंदूकधाऱ्यांकडून मारविण्याची सोय केली. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. प्रत्येक शेतकऱ्याने स्वतःची रायफल घ्यावी, असे कोणीही ठरविले नाही. निवडक माणसे, लेखी हुकूम आणि शासनाची देखरेख हाच मार्ग धरला गेला.

आपल्या गावांनाही हाच मार्ग हितकर आहे. दहा घरांत दहा बंदुका येण्यापेक्षा शिवारात एक-दोन शांत स्वभावाचे, प्रशिक्षित, निर्व्यसनी परवानाधारक असावेत आणि त्यांनी वनखात्याच्या लेखी परवानगीनेच काम करावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पोलीस पाटील, कृषी खाते व वनरक्षक यांची हंगामापूर्वी एक बैठक घडवून आणावी; कोणत्या शेतांत जनावरे प्रथम उतरतात त्याची नोंद करावी; जागलीच्या पाळ्या लावाव्यात; परवान्यांच्या मुदती तपासाव्यात; आणि मृत परवानाधारकांची शस्त्रे घरांत पडून असतील, तर ती जमा करण्यास वारसांना साहाय्य करावे.

लहान, एकबारी रायफल घ्यावी किंवा नाही, या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. ज्या शेताच्या चारी बाजूंस वस्ती व रस्ते आहेत, तेथे ती घेऊ नये. जेथे डोंगराची पाठ आहे, गरज सिद्ध आहे आणि इतर उपाय करून झाले आहेत, तेथे कायद्याने नेमलेली ठासणीची किंवा गुळगुळीत नळीची बंदूक प्रथम मागावी. तीही मिळाली, तरी कुंपण आणि जागल सोडू नये. परवान्याचे शस्त्र कुलपात राहून हंगाम सुखरूप पार पडला, तर राखण उत्तम झाली असेच समजावे.